कोल्हा, करकोचा आणि नोकरीची परीक्षा

आजच्या भागाची सुरुवात लहानपणीच्या एका गोष्टीने करूया. कोल्ह्याने करकोच्याला जेवायला बोलावलं. मस्त खीर केली आणि वाढली पसरट ताटलीत. कोल्ह्याने लपालपा चाटून संपवली. करकोचा बिचारा लांब चोच घेऊन नुसता बघत बसला. तक्रार तरी काय करणार? खीर दोघांना एकच होती, ताटलीही सारखीच होती.

ही गोष्ट आपण 'जशास तसे' म्हणून ऐकली. पण १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात हाच कोल्हा आणि हाच करकोचा आलाय. तिथे खिरीऐवजी दूध आहे, एवढाच फरक. आणि खटला कशाचा होता? नोकरीत घेतल्या जाणाऱ्या टेस्टचा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कॅम्पस प्लेसमेंटला ॲप्टिट्यूड टेस्ट दिली असेल. समोर टायमर पळतोय, आणि प्रश्न असा की दोन ट्रेन एकमेकींना कधी भेटतील. बाहेर आल्यावर मनात येतंच ना, 'अरे, या कामात ट्रेनचा संबंध काय?' बरोबर हाच प्रश्न या खटल्यात विचारला गेला.

आधी थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकेला लाखो सैनिक भराभर भरती करायचे होते. कोणाला कुठल्या कामावर टाकायचं, हे ठरवायला वेळच नव्हता. मग रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने दोन परीक्षा तयार केल्या. वाचता येणाऱ्यांसाठी 'आर्मी अल्फा' आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'आर्मी बीटा'. १७ लाखांहून जास्त लोकांनी त्या दिल्या. आता अल्फामधला एक प्रश्न बघा : 'क्रिस्को' म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को हा अमेरिकेतल्या स्वयंपाकाच्या तुपासारख्या पदार्थाचा ब्रँड. नुकताच बोटीतून उतरलेल्या माणसाला तो कसा माहीत असणार? परीक्षा बुद्धीची म्हणायची, आणि मोजायची मात्र ओळख, अमेरिकन घराची आणि दुकानाची.

युद्ध संपलं, पण परीक्षांची सवय राहिली. कारखाने आणि ऑफिसंही त्या घेऊ लागली. १९३० च्या दशकात एल्डन वंडरलिक यांनी एक झटपट परीक्षा तयार केली : १२ मिनिटांत ५० प्रश्न. स्वस्त, सोपी, आणि निकाल लगेच. कंपन्यांना आणखी काय हवं?

आता येऊ आपल्या मुख्य गोष्टीकडे. नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्रेपर नावाच्या गावात ड्यूक पॉवर कंपनीचं कोळशावर चालणारं वीज केंद्र होतं, डॅन रिव्हर स्टेशन. तिथे पाच विभाग होते. सगळ्यात खालचा लेबर विभाग, म्हणजे साफसफाई आणि अंगमेहनतीची कामं. कृष्णवर्णीय कामगारांना फक्त याच विभागात घ्यायचे. आणि या विभागातला सगळ्यात जास्त पगारसुद्धा बाकीच्या विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षा कमी होता. म्हणजे आयुष्यभर मान मोडून काम केलं तरी पलीकडच्या नव्या पोराएवढाही पगार मिळायचा नाही.

१९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. नोकरीत वर्णभेद करायचा नाही, हे त्यातलं कलम २ जुलै १९६५ पासून लागू झालं. कंपनीने उघड बंदी उठवली. पण त्याच दिवसापासून नवा नियम आला. लेबर सोडून दुसऱ्या विभागात भरती व्हायचं असेल तर हायस्कूल डिप्लोमा हवा, शिवाय दोन परीक्षा पास व्हायला हव्यात. एक वंडरलिक, दुसरी बेनेट, ज्यात कप्पी, दातेरी चाकं अशा यंत्रांवरचे प्रश्न असतात. आधीपासून लेबरमध्ये असलेल्यांनाही वर जायला डिप्लोमा लागायचा. तो नसेल तर याच दोन परीक्षा द्या, अशी सवलत सप्टेंबरपासून मिळाली.

वरवर बघितलं तर नियम सगळ्यांना सारखाच, नाही का? पण १९६० च्या जनगणनेत त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते आणि कृष्णवर्णीय फक्त १२ टक्के. कारण शाळाच वेगळ्या होत्या, आणि काळ्या मुलांच्या शाळा मुद्दाम दुबळ्या ठेवलेल्या होत्या. आणि टेस्टमध्ये किती गुण हवेत? देशभरातल्या हायस्कूल पास लोकांच्या मध्याइतके. म्हणजे हायस्कूल पास झालेल्यांपैकीही जवळपास निम्मे नापास होणार! आणि काम काय, तर कोळसा हाताळायचा, यंत्रं चालवायची.

त्या केंद्रात तेव्हा ९५ कामगार होते, त्यांतले १४ कृष्णवर्णीय. १४ पैकी १३ जण कोर्टात गेले. पहिलं नाव विली ग्रिग्ज यांचं, म्हणून खटला झाला 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर'. जरा विचार करा, ज्या कंपनीत रोज सकाळी कामावर जायचं, तिच्याच विरोधात उभं राहायचं. हातातली नोकरी गेली तर?

खालच्या न्यायालयांनी मुख्य मुद्द्यावर कंपनीचं म्हणणं मानलं. कंपनीचा हेतू वाईट असल्याचं दिसत नाही, असं ते म्हणाले. आणि कंपनीकडे दाखवायला एक चांगली गोष्ट होतीसुद्धा. कमी शिकलेल्या कामगारांना हायस्कूल पूर्ण करता यावं म्हणून ती फीचा दोन तृतीयांश भाग भरत होती.

पण एक गोष्ट कंपनीला भारी पडली. नियम येण्याआधी डिप्लोमा नसलेले, परीक्षा न दिलेले अनेक गोरे कामगार वरच्या विभागांत लागले होते. ते काम करत करत शिकले. त्यांचं काम समाधानकारक होतं, त्यांना बढत्याही मिळत होत्या. मग डिप्लोमा आणि टेस्ट नक्की कशासाठी? कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितलं की एकूण कामगारांचा दर्जा सुधारेल असं वाटलं. पण या परीक्षांचा त्या कामाशी संबंध आहे का, हे कुणी तपासलंच नव्हतं.

८ मार्च १९७१. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, ८ विरुद्ध ० असा, ग्रिग्ज यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं. हेतू चांगला असेल, पण परिणाम काय होतो तेही बघा, असा त्याचा गाभा. एखाद्या अटीमुळे एक समाज बाहेर फेकला जात असेल, तर ती अट कामासाठी खरंच लागते हे कंपनीने सिद्ध करायचं. आणि इथेच करकोचा आला : दूध अशा भांड्यात द्या, जे सगळ्यांना वापरता येईल.

लक्षात घ्या, न्यायालयाने टेस्ट बंद करा असं म्हटलं नाही. उलट टेस्ट उपयोगी असतात हे मान्य केलं. फक्त त्या कामाच्या हव्यात. वेल्डर हवाय? त्याला जोड मारायला सांगा. टायपिस्ट हवाय? टाईप करायला द्या. पुढे १९७८ मध्ये सरकारी नियमावलीत चार पंचमांशाचा हिशोब आला. समजा एका गटातले १०० पैकी ६० पास झाले आणि दुसऱ्या गटातले ४८ पेक्षा कमी, तर ती परीक्षा तपासायला हवी. १९९१ मध्ये ग्रिग्जचं तत्त्व थेट कायद्यातच लिहिलं गेलं.

हा अमेरिकेचा कायदा, आपल्याकडे तो लागू नाही. पण मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते डिप्लोमा नसलेले गोरे कामगार. कारण त्यांना मिळालं ते एवढंच : आधी आत घेतलं आणि मग शिकू दिलं. लेबर विभागातल्या लोकांना मात्र आधी सिद्ध करा, मग शिकवू, असं सांगितलं गेलं. तीच टेस्ट कामावर घेतल्यावर घेता आली असती. कोणाला काय येत नाही ते कळलं असतं, आणि तेवढं शिकवता आलं असतं.

उद्या तुम्ही एचआरमध्ये असाल, टीम लीड व्हाल, स्वतःचं दुकान काढाल. कोणाची तरी परीक्षा घ्यायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा कागद पुढे सरकवण्याआधी स्वतःला एकदा विचारा : हे येत नसलेला माणूस माझ्याकडे आज हेच काम नीट करतोय का? उत्तर 'हो' असेल, तर तो प्रश्न काढून टाका.

तुम्ही दिलेल्या टेस्टचा तुमच्या कामाशी काही संबंध होता का? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!