शेरीफला मत कोण देणार?

मागे काही महिने ऑनसाईट होतो तेव्हाची गोष्ट. एका रविवारी गाडी घेऊन उगाच भटकत होतो. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, आणि मध्येच एका कुंपणाला पाटी: 'आपल्या शेरीफना पुन्हा निवडून द्या.' जाम गंमत वाटली. आपल्याकडे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. ते दारोदार हात जोडून मतं मागतायत असं चित्र डोळ्यासमोर आणून बघा! मुंबईलाही शेरीफ असायचे, १९८० मध्ये दिलीपकुमार होते. पण ते पद निव्वळ मानाचं. अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीचा शेरीफ म्हणजे पोलीस, तुरुंग आणि कोर्टाचा बंदोबस्त, सगळं एकाच्या हातात. आणि त्याला निवडतात लोक.

कल्पना उत्तमच आहे. वाईट वागला तर पुढच्या निवडणुकीत घरी. आमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप. पण हा लूप चालायला एक अट आहे: ज्यांना त्रास होतो त्यांची नावं मतदार यादीत हवीत. ती नसतील तर काय होतं, हे अलाबामातल्या डॅलस काउंटीच्या जिम क्लार्कच्या गोष्टीत दिसतं.

डॅलस काउंटीचं मुख्य गाव सेल्मा. क्लार्क १९५५ मध्ये नेमणुकीने शेरीफ झाला आणि १९५८ च्या निवडणुकीत विल्सन बेकर नावाच्या माणसाला हरवून टिकला. तेव्हा काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय होते. १९६१ मध्ये त्यातल्या किती जणांची नावं यादीत होती? १५६. गोऱ्यांची ९ हजारांवर. नावनोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच दिवस उघडायचं, त्यात पुन्हा परीक्षा. गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनात आलं की प्राध्यापकसुद्धा नापास.

आता गंमत बघा. हे ऑफिस कोर्टाच्या इमारतीत, आणि तिथला बंदोबस्त शेरीफकडे. म्हणजे आपल्याविरुद्ध मत देऊ शकणारे लोक ज्या पायऱ्या चढून जाणार, त्याच पायऱ्यांवर हा माणूस दंडुका घेऊन उभा! कोटावर बिल्ला, त्यावर एकच शब्द: 'नेव्हर'. कधीच नाही.

१९६५ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंगनी सेल्मात मोहीम सुरू केली आणि रांगा लागायला लागल्या. क्लार्कने रांगेतल्या बायकांची मानगूट धरली. फेब्रुवारीत दीडशेहून जास्त शाळकरी मुलांना गुरांना टोचायच्या विजेच्या काठ्यांनी ढोसत गावाबाहेर पळवलं. दोनच दिवसांनी छातीत दुखतंय म्हणून तो इस्पितळात गेला, तर मुलं पावसात कोर्टासमोर गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना करत होती! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं पुढे वाचू शकलो नाही.

७ मार्च १९६५ ला एडमंड पेटस पुलावर सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांवर राज्याचे पोलीस आणि क्लार्कची घोडेस्वार स्वयंसेवकांची टोळी तुटून पडली. लाठ्या, अश्रुधूर, चाबूक. त्या रात्री टीव्हीवर न्यूरेंबर्ग खटल्यावरचा सिनेमा मध्येच थांबवून ही दृश्यं दाखवली गेली. नाझींवरचा सिनेमा बघता बघता लोकांना आपल्याच देशातले पोलीस दिसले. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. परीक्षा बंद झाली, आणि काही दिवसांत केंद्र सरकारचे अधिकारी सेल्मात बसून नावं नोंदवू लागले. हजारो नावं! क्लार्कचा दंडुका नसता तर हा कायदा इतक्या लवकर आला असता का, शंकाच आहे.

मग आली ३ मे १९६६ ची डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी. त्या काळात अलाबामात हीच खरी निवडणूक. क्लार्कसमोर पुन्हा तोच विल्सन बेकर. हा बेकर काही समतावादी संत नव्हता बरं का. वंशभेदाची व्यवस्था त्यालाही मान्य होती. फक्त लोकांची डोकी फोडून ती टिकणार नाही इतकं त्याला कळत होतं. नव्या मतदारांनी कडू औषध घेतल्यासारखी त्यालाच मतं दिली.

आणि मोजणीत बेकर पुढे जातोय असं दिसल्यावर पक्षाच्या स्थानिक समितीने मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या सहा मतपेट्या अनियमिततेचं कारण सांगून बाद केल्या. त्यांच्याशिवाय बेकरला बहुमत मिळत नव्हतं, दुसरी फेरी घ्यावी लागली असती. केंद्राचं न्याय खातं कोर्टात गेलं, न्यायाधीशांनी मतं मोजायला लावली, आणि क्लार्क हरला. नोव्हेंबरमध्ये 'मतपत्रिकेवर माझं नाव हाताने लिहा' असं सांगत तो पुन्हा उतरला, पुन्हा हरला. पुढे १९७८ मध्ये गांजाच्या तस्करीच्या कटात तुरुंगात गेला. २००७ मध्ये वारला.

पण मला जास्त आवडते ती शेजारची गोष्ट. लाउंड्स काउंटीत दर पाच माणसांत चार कृष्णवर्णीय, आणि १९६५ च्या सुरुवातीला यादीत त्यांचं एकही नाव नाही. शून्य! मार्चमध्ये ज्या पहिल्या दोघांची नावं लागली त्यातला एक जॉन ह्यूलेट. १९७० मध्ये हाच ह्यूलेट तिथला शेरीफ म्हणून निवडून आला आणि पुन:पुन्हा निवडून येत बावीस वर्षं राहिला. मतदार होऊ पाहणारा माणूस पाच वर्षांत शेरीफ!

असो. पुण्यात येऊन मला पाच वर्षं झाली, नाव अजून गावाकडच्याच यादीत आहे. फॉर्म भरायचा राहिलाय. मला कुणी पायरीवरून ढकललं नाहीये, परीक्षा घेतली नाहीये. नुसता कंटाळा. हे पोस्ट टाकलं की आधी तो फॉर्म काढतो.