पेशी व रेणवीय जीवविज्ञानातील विशेष विषयांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम (पुणे)

एम्.एस्‌सी.च्या उत्तरार्धात अथवा पीएच.डी.च्या नोंदणीनंतर, सर्वसाधारण पाठ्यक्रम विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडला आहे असे गृहीत धरून, पेशीचक्राचे नियंत्रण, भ्रूणातील उपपादन, जनुकाभिव्यक्ती किंवा प्राणिपेशींचे संवर्धन यांसारख्या एखाद्याच मर्यादित प्रश्नावर एका सत्राच्या मुदतीत शिकविला जाणारा अभ्यासक्रम. विद्यार्थी त्यास ‘स्पेशल पेपर’ म्हणतात. सक्तीच्या विषयांचा तपशील अभ्यासमंडळाने मंजूर केलेला असतो. विशेष विषयात मात्र चौकट तेवढी मंडळाची आणि आशय बहुतांशी शिकविणाऱ्याच्या चालू संशोधनातून आलेला, असा शिरस्ता दिसतो.

पूर्वपीठिका : पुणे विद्यापीठाची (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली व मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू झाले. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी (१९४६, १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था), राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) आणि विषाणू संशोधन केंद्र (१९५२, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) या संस्था त्याच सुमारास पुण्यात उभ्या राहिल्या. गणेशखिंड, पाषाण आणि विधी महाविद्यालयाचा परिसर ही ठिकाणे एकमेकांपासून सायकलीच्या अंतरावर असल्यामुळे, एका संस्थेतील संशोधकाने दुसरीकडे जाऊन शिकवावे आणि तेथील विद्यार्थ्याने याच्या प्रयोगशाळेत प्रबंधाचे काम करावे, ही देवघेव या शहरात पुढे स्वाभाविकपणे रुजली.

भ्रूणविज्ञान : या शाखेचा पुण्यातील इतिहास लीला मुळहेरकर यांच्या नावाशी जोडलेला आहे. एडिंबरो येथे कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून परतल्यावर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी विकासात्मक जीवविज्ञानाचे अध्यापन व संशोधन उभे केले. हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये पाणसरड्याच्या भ्रूणात दाखवून दिलेले उपपादन, म्हणजे एका ऊतीच्या सान्निध्याने शेजारच्या ऊतीचे भवितव्य ठरणे, कोंबडीच्या भ्रूणातही घडते हे वॉडिंग्टन यांनी १९३०च्या दशकात सिद्ध केले होते; आद्य रेषेच्या दोन्ही बाजूंच्या भागांत ही क्षमता कितपत असते या प्रश्नावरील मुळहेरकरांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये वर्णिलेली काचेच्या कड्याची पद्धत मुळहेरकरांनी भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती दिली. सुमारे अठरा ते वीस तास उबविलेले अंडे फोडून लवणद्रावणाच्या पात्रात ओतावयाचे. दाट पांढरा बलक चिमट्याने दूर सारावयाचा. पिवळ्या बलकावरचे पारदर्शक पटल मध्यरेषेवर गोलाकार कापून, त्याला चिकटलेल्या भ्रूणासह, न सुरकुतता व न फाटता सोलून घ्यावयाचे. ते वॉच-ग्लासमध्ये उलटे पसरून त्यावर काचेचे कडे ठेवावयाचे, पटलाच्या कडा कड्यावर दुमडावयाच्या आणि पटलाखाली पिपेटने थोडा पातळ पांढरा बलक सोडून सर्व ऊबपेटीत ठेवावयाचे. नवख्याचे पटल बहुधा सोलतानाच फाटते. ज्याचे साधते त्यास दुसऱ्या दिवशी, अंड्याच्या कवचाबाहेर, उघड्या डोळ्यांसमोर धडधडणारे हृदय दिसते. आणि ज्या विद्यार्थ्याने ते एकदा स्वतःच्या हाताने घडविले त्यास ‘विभेदन’ म्हणजे काय हे व्याख्यानातून निराळे सांगावे लागत नाही. उपकरणांचा खर्च नगण्य, द्रव्य बाजारात मिळणारे आणि परिणाम एका दिवसात हाती येणारा, म्हणून साधनांची वानवा असलेल्या विभागांना ही पद्धत विशेष मानवणारी आहे. तिची तुलना महागड्या यंत्रांवरील प्रात्यक्षिकांशी करून ती कालबाह्य ठरविण्याची प्रवृत्ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

पुढे आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांनी कोंबडीच्या भ्रूणाबरोबरच हायड्रा या गोड्या पाण्यातील प्राण्यावर काम केले. पुण्याच्या नावाने ओळखला जाणारा हायड्रा व्हल्गॅरिसचा वाण त्या संशोधनात वापरला गेला. पुनर्जननाच्या प्रात्यक्षिकास हा प्राणी फार सोयीचा आहे. तो आडवा कापला असता काही दिवसांत वरच्या तुकड्यास तळ आणि खालच्यास मुख फुटते. विच्छेदनाच्या प्रात्यक्षिकांबाबत अध्यापकांत दोन मते असून त्यांचा ऊहापोह येथे केलेला नाही.

पेशीसंवर्धन : प्राणी व मानवी पेशींचे वंश मिळविणे, ओळखणे, जतन करणे आणि देशातील संशोधकांना पुरविणे या हेतूने १९८६ मध्ये पुण्यात राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली, तिचेच रूपांतर पुढे राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत झाले. उल्हास वाघ हे तिचे संस्थापक-संचालक. बाल्टिमोर येथे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या अर्बुदातून निघालेला हेला वंश अशा भांडारांतूनच जगभरच्या वर्गांत पोहोचला. त्या पेशी घेताना त्यांची संमती विचारली गेली नव्हती, ही गोष्ट या विषयाच्या पहिल्याच व्याख्यानात सांगितली गेली पाहिजे. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यास निर्जंतुक हवेच्या झोतात काम करणे, तळाला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडविणे, ३७ अंश सेल्सिअस तापमानास ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये त्या वाढविणे आणि द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांस, साठविणे शिकावे लागते. गोठविणे मिनिटास सुमारे एक अंश या संथ गतीने आणि वितळविणे मात्र त्वरेने, हा नियम जो उलटा लक्षात ठेवतो त्याच्या पेशी मरतात.

वनस्पती : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढविलेल्या बांबूस काचपात्रातच अकाली फुले आल्याचा वृत्तान्त १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

विषाणुविज्ञान : राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत एम्.एस्‌सी.चा स्वतंत्र अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संलग्नतेने चालतो.

जैवतंत्रज्ञान : केंद्र शासनाने १९८२ मध्ये राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ नेमले व १९८६ मध्ये स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग निर्माण केला. पदव्युत्तर अध्यापनासाठी ज्या मोजक्या विद्यापीठांना आरंभी अनुदान मिळाले त्यांत पुणे होते. येथील प्रवेश दीर्घकाळ जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या सामाईक परीक्षेद्वारे होत. २०२० पासून तिची जागा ‘गॅट-बी’ या परीक्षेने घेतली. या अनुदानाबरोबर रेणवीय जीवविज्ञान हे पेशीविज्ञानाचे एक प्रकरण न राहता स्वतंत्र दालन झाले. २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) वरच्या वर्गांतील विद्यार्थी आणि पीएच.डी.चे विद्यार्थी एकाच ऐच्छिक वर्गात बसू शकतात, ही व्यवस्था जुन्या वार्षिक परीक्षापद्धतीत कल्पनेपलीकडची होती.

अध्यापनपद्धती : व्याख्यानापेक्षा मूळ शोधनिबंधांच्या वाचनावर भर असतो. उदाहरणार्थ, मेसेल्सन व स्टाल यांचा १९५८चा निबंध देऊन, जड नायट्रोजनयुक्त माध्यमात वाढविलेले जीवाणू हलक्या माध्यमात आणल्यावर एका पिढीनंतर डीएनएचा एकच मधला पट्टा आणि दोन पिढ्यांनंतर मधला व हलका असे दोन पट्टे का दिसतात, हे निष्कर्षाचा परिच्छेद झाकून विद्यार्थ्यास सांगावयास लावतात. जो पहिल्या पिढीच्या पट्ट्यावरच निर्णय देतो त्यास अध्यापक दुसऱ्या पिढीकडे परत पाठवितात, कारण पहिल्या पिढीचे निरीक्षण दुसऱ्या एका उपपत्तीशीही सुसंगत असते. अशा विषयाचे मूल्यमापन लेखी परीक्षेने करावे की चर्चासत्राने, याविषयी एकवाक्यता नाही.

पीएच.डी.चा अभ्यासक्रम : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी संशोधनार्थींस किमान एका सत्राचा अभ्यासक्रम सक्तीचा केला; २०१६ मध्ये त्यासाठी ८ ते १६ आणि २०२२ मध्ये किमान १२ श्रेयांकांची तरतूद झाली. त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा विषय समाविष्ट आहे. सक्तीमुळे विशेष विषयांची संख्या वाढण्यास वाव मिळाला हे खरे. पण श्रेयांक भरून काढणे हाच हेतू ठरला तर प्रात्यक्षिक सर्वप्रथम गळते, कारण त्यास वेळ, जागा आणि अनुभवी हात ही तिन्ही लागतात.

दस्तऐवज : पाठ्यक्रमांच्या छापील पुस्तिकांत विशेष विषयाचे शीर्षक व घटकांची यादी सापडते, प्रत्यक्षात काय शिकविले गेले हे अध्यापकांच्या टिपणांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वह्यांतच असते. विभागांनी व निवृत्त अध्यापकांनी ही टिपणे आणि वह्या विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जमा कराव्यात, अशी विनंती आहे.