भोपाळहून सातपुड्याकडे : मोटारींविना सायकलवाटा

माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर भोपाळ वसले आहे. शहर संपताच विंध्याची वनराई लागते, ती उतरली की नर्मदेचे सखल खोरे आणि खोरे ओलांडल्यावर सातपुड्याचा तट. सुमारे दोनशे किलोमीटरच्या अंतरात दोन पर्वतरांगा आणि त्यांच्यामधून पश्चिमेकडे वाहणारी नदी, असा योग देशात फारसा जुळून येत नाही. त्यामुळेच सायकलवरून डोंगर पाहू इच्छिणाऱ्यांना भोपाळ सोयीचे ठाणे वाटते. मात्र शांतता हवी असेल, तर या प्रदेशाचा नकाशा थोडा वेगळ्या दृष्टीने वाचावा लागतो.

मोटारी नसलेला रस्ता डोंगरात आपोआप सापडत नाही. त्यांना कोणीतरी किंवा कशानेतरी अडवलेले असते. गोव्यातील सायकलप्रेमींना हे दिवाडी बेटावर अनुभवास येते. तेथे सायकलींसाठी वेगळी पट्टी आखलेली नाही, रस्तेही अरुंदच आहेत. पण मांडवीचे पाणी आडवे असल्याने फेरीबोटीत मावतील तेवढीच वाहने पलीकडे उतरतात. चोर्ला घाटाचे सृष्टिसौंदर्य दिवाडीहून कितीतरी भव्य, तरीही मालवाहू ट्रकांच्या धुरात ते पाहण्याचा उत्साह पहिल्या दोन वळणांतच मावळतो. भोपाळ परिसरात पाण्याचे हे काम वनखात्याच्या फाटकांनी केले आहे.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण शहरातच आहे. परमार राजा भोज याने अकराव्या शतकात बांधविलेला म्हणून ओळखला जाणारा मोठा तलाव, म्हणजेच भोजताल, २००२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाला. त्याच्या काठाने श्यामला टेकडीच्या पायथ्याशी वनविहार राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे. एका बाजूस जलाशय, दुसऱ्या बाजूस टेकडीचा उतार आणि मधून जाणारा सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता. वाघ, अस्वले, बिबटे येथे प्रशस्त कुंपणांत असतात, तर चितळ, सांबर आणि नीलगाय मोकळेपणाने रस्ता ओलांडतात. खासगी मोटारींना हा रस्ता आता बंद असून पर्यटकांसाठी विजेवर चालणाऱ्या गाड्या ठेवण्यात आल्या आहेत. सायकल प्रवेशद्वाराशी भाड्याने मिळते. डोंगरातील दौऱ्याची तयारी म्हणून हा मार्ग अपुरा आहे, पण मोटारी काढून घेतल्यावर राजधानीच्या मध्यभागीही पाण्यावरच्या पाणकावळ्यांच्या पंखांचा आवाज ऐकू येतो, हे कळण्यास एवढे अंतर पुरते.

याच शहराने सायकलींसाठी दुसराही प्रयोग केला. २०१७ च्या जून महिन्यात स्मार्ट सिटी योजनेखाली पाचशे सार्वजनिक सायकली रस्त्यावर आल्या आणि होशंगाबाद मार्गालगत स्वतंत्र सायकलपट्टी बांधण्यात आली. त्या काळी या योजनेचे देशभर कौतुक झाले. पण हमरस्त्याच्या कडेची पट्टी ही अखेर हमरस्त्याचीच कड असते. फाटे, दुकाने आणि उभ्या गाड्या तिला पदोपदी छेदतात. वनविहारात पट्टी नाही, मोटारीही नाहीत. दोन्ही ठिकाणी एकेक सकाळ सायकल चालवल्यास कोणता उपाय अधिक खरा, हे सांगण्याची गरज उरत नाही.

शहराबाहेर पडल्यावर प्रश्न अधिक गंभीर होतो. दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४६ ओबेदुल्लागंजनंतर रातापानीच्या जंगलातून घाट उतरतो. या अरण्यास डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. महामार्गावर सायकलस्वारास सुख नाही आणि रातापानीच्या आतील कच्च्या वाटांवर परवानगीवाचून जाणे हा अपराध आहे. मग उरतात ते महामार्गापासून फुटणारे छोटे फाटे. त्यांतील सर्वांत मोलाचा फाटा भीमबेटकाचा. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर मुख्य रस्ता सोडून रेल्वेमार्ग ओलांडला की तीनेक किलोमीटरचा चढ वालुकाश्माच्या प्रचंड शिळांपर्यंत नेतो. १९५७ मध्ये रेल्वेने जाताना या शिळांच्या आकृती पाहून डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांना कुतूहल वाटले आणि ते पायी तेथवर पोहोचले. नीमचमध्ये जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी मानणाऱ्या या मराठी पुरातत्त्वज्ञामुळे सातशेहून अधिक शैलाश्रयांचा हा समूह जगापुढे आला. २००३ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला. सकाळी फाटक उघडण्याच्या वेळी पोहोचणाऱ्या सायकलस्वारास पर्यटकांच्या गाड्या येण्यापूर्वीचा तासभर तरी मिळतो.

या पट्ट्यात शांततेवर पहिला हक्क कोणाचा, याचा विसर पडू नये. भोपाळच्या वेशीवरील केरवा आणि कलियासोत या जलाशयांच्या परिसरात वाघांचा वावर असतो. तेथील निर्जन रस्ते सायकलींना आकर्षक वाटतात. मात्र पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या वेळी ते टाळणेच शहाणपणाचे. मनुष्याच्या वाहनांचे मोल वन्यजीव किती देतात, हेही याच भागात दिसले आहे. जुलै २०२४ मध्ये बुधनीजवळच्या मिडघाटात वाघाचे तीन बछडे रेल्वेच्या मार्गात आले. एक जागीच मरण पावला आणि जखमी झालेल्या दोघांना एका डब्याच्या विशेष गाडीने भोपाळला आणावे लागले.

नर्मदा ओलांडल्यानंतरचा सपाट पट्टा गहू-सोयाबीनच्या शेतांचा आहे. नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, तेथून सोहागपूर आणि पिपरिया हा मार्ग सायकलवरून पार करता येतो, पण त्यात उन्हाखेरीज फारसे काही मिळत नाही. अनुभवी मंडळी हा टप्पा रेल्वेने काढतात. पिपरिया हे इटारसी-जबलपूर मार्गावरील स्थानक असून खरा डोंगर तेथून पुढे सुरू होतो.

पिपरिया ते पचमढी हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे. यातील पहिला निम्मा भाग जवळजवळ समतल. मटकुलीपाशी देनवा नदी लागते आणि तेथून घाट चढू लागतो. पिपरिया साडेतीनशे मीटरच्या आत, पचमढी १,०६७ मीटरवर; म्हणजे सातशे मीटरांहून अधिक उंची मुख्यतः उत्तरार्धात गाठायची असते. सह्याद्रीतील घाटांप्रमाणे येथे अंगावर येणारे उभे कडे नाहीत. चढ लांब, संथ आणि सावलीचा आहे. कमी गिअरवर धीराने चालविणाऱ्यास तो जड जात नाही. घाई करणाऱ्याची मात्र दमछाक होते. वनस्पती पाहणाऱ्यासाठी ही वाट विशेष आहे. मध्य भारतात सागाचे आणि सालाचे राज्य जेथे एकमेकांस भिडते, ती सीमा याच डोंगरात आहे. सागाची पानगळ झालेली असताना वर सालाची हिरवाई टिकून असते.

पचमढीचे पठार बशीसारखे आहे, चहूबाजूंनी शिखरे आणि मध्ये उथळ खोलगट भाग. कातळ वालुकाश्माचा असल्याने पाण्याने तो खोल चिरत नेला आहे आणि हंडी खोहसारख्या दऱ्या एकाएकी समोर येतात. गोव्याच्या जांभ्याला किंवा सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला सरावलेल्या डोळ्यांना हा तांबूस, थरांचा खडक नवा वाटेल. बशीच्या तळातील छावणी भागाचे रस्ते सायकलीसाठी उत्तम आहेत. बाजारात सायकली भाड्याने मिळतात, तरी त्यांच्या ब्रेकची परीक्षा घेतल्याशिवाय त्या बाहेर काढू नयेत.

इंग्रज अधिकारी जेम्स फोर्सिथ यांच्यामुळे पचमढीचे गिरिस्थान झाले आणि १८६२ मध्ये त्यांनी बांधलेले बायसन लॉज आजही उभे आहे. पण हे डोंगर त्याआधीही ओस नव्हते. गोंड आणि कोरकू येथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. १८१८ मध्ये इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले याच महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने राहिले आणि इंग्रजी फौजांना बराच काळ हुलकावणी देत राहिले.

१९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. पचमढी जीवावरण क्षेत्र १९९९ मध्ये घोषित झाले आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जाळ्यात समाविष्ट झाले. उद्यानाच्या हद्दीतील अनेक स्थळांकडे खासगी मोटारी सोडत नाहीत. पर्यटकांना परवाना घेऊन नोंदणीकृत जिप्सी गाड्यांतून जावे लागते. यामुळे १,३५२ मीटर उंचीच्या धूपगडाकडे, म्हणजे मध्य प्रदेशाच्या सर्वोच्च शिखराकडे जाणारा रस्ता दुपारपर्यंत बराच निवांत असतो. सूर्यास्ताच्या सुमारास मात्र जिप्सींची रांग लागते. सायकल कोठपर्यंत सोडतात, हे त्या त्या दिवशी प्रवेशपत्राच्या खिडकीवर विचारूनच निघावे.

पंचांग न पाहता जाणाऱ्याची येथे फसगत होते. महाशिवरात्रीस चौरागडावर त्रिशूळ वाहण्यासाठी आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेसाठी मोठा जनसमुदाय लोटतो. त्यात विदर्भातील भाविकांचा भरणा फार मोठा. त्या दिवसांत पिपरियाच्या घाटात बसगाड्यांची रीघ असते आणि पचमढीत मराठी सहज कानावर पडते. यात्रा पाहायची असेल तर सायकल घरी ठेवलेली बरी. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात उद्यानाचा गाभा भाग पर्यटनासाठी बंद असतो. पचमढीस वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि ओल्या पानांनी घाटाचा उतार निसरडा होतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी, दिवाळी व नाताळच्या सुट्ट्या वगळून, आठवड्याच्या मधले दिवस, हा सर्वोत्तम काळ. डिसेंबरच्या रात्री कडाक्याच्या थंडीच्या असतात.

मोटारींना अडवून डोंगर मोकळा ठेवण्याची कल्पना अन्यत्रही रुजली आहे. २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलेल्या माथेरानमध्ये वाहनबंदी आहे. तेथे ई-रिक्षांना मुभा देण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण बंदीचा भार माणसांनी ओढलेल्या रिक्षांवर पडत होता. अमेरिकेतील झायन उद्यानात २००० पासून हंगामात मोटारींऐवजी बसगाड्या धावतात आणि सायकलींना तोच रस्ता खुला असतो. इटलीत स्टेल्व्हिओ खिंडीचा प्रसिद्ध घाट वर्षातून एक दिवस केवळ सायकलींसाठी राखला जातो. पचमढीच्या घाटात असा एखादा दिवस ठेवणे अशक्य नाही. पिपरियाहून भाजी आणि दूध घेऊन येणाऱ्या गाड्यांना पहाटेची सवलत दिली की पुरे. आज येथे सायकलस्वारास लाभणारी शांतता वन्यजीवांसाठी केलेल्या नियमांची उपज आहे. त्याच्यासाठी म्हणून कोणी काही केलेले नाही.

गोव्याहून जाण्यास वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस आणि मडगावमार्गे धावणारी मंगला एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या इटारसी व भोपाळमार्गे जातात. भोपाळ पाहून पुढे जायचे नसेल तर इटारसीस उतरून पिपरियाची गाडी धरता येते. सायकल पार्सल कार्यालयात आधी नोंदवावी लागते. पेडल काढून आणि हँडल वळवून बांधलेली सायकल कमी जागा घेते आणि सुखरूप पोहोचते. जादा ट्यूब, हवा भरण्याचा पंप आणि ब्रेकचे रबर बरोबर असावे, कारण मटकुलीनंतर घाटात दुरुस्तीचे दुकान मिळण्याची आशा धरू नये. खाद्यपदार्थ पिशवीत बंद ठेवावेत. पचमढीची माकडे सायकलच्या कॅरिअरवर बांधलेल्या पिशवीला आपलीच समजतात. परतीच्या उतारावर दोन्ही ब्रेक आलटून-पालटून वापरावेत आणि मटकुलीच्या पुलापाशी थांबून चाकांच्या कडा हाताला किती तापल्या आहेत ते पाहावे.