पोटाचे दुखणे आणि त्वचेची साक्ष

मूल अडीच-तीन वर्षांचे. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले. शौचास पातळ, फिकट व दुर्गंधीयुक्त होते, आणि तेही विपुल. स्वभाव चिडखोर, वजन महिनोन् महिने जागच्या जागी. अशा मुलाला कडेवर घेऊन आईबाप एका वैद्याकडून दुसऱ्याकडे जात आले आहेत, आणि हे काही आजचे नाही. पोटाच्या अशा जुनाट विकाराचे वर्णन कॅपॅडोशियाच्या ॲरेटियस या प्राचीन ग्रीक वैद्याने करून ठेवले आहे. त्याच्या भाषेतील ‘पोटाचा’ या अर्थाच्या शब्दावरूनच ‘सीलिॲक’ हे आजचे नाव आले. परंतु मुलाने खाल्लेला नेमका कोणता घास त्याच्या मुळावर येतो, हे कळावयास विसावे शतक अर्धे सरावे लागले.

सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टराने १८८७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात या विकारावर व्याख्यान दिले, व पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. हा रोग बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असे त्याने निःशंकपणे सांगितले. निदान अचूक आणि दिशाही अचूक; पण त्याने सुचविलेला आहार पाहिला म्हणजे नियतीच्या विनोदबुद्धीचे नवल वाटते. तांदूळ, साबुदाणा असे पिष्टमय पदार्थ त्याने वर्ज्य ठरविले, आणि पावाचा पातळ काप दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून द्यावयास मात्र मुभा ठेवली! निरपराध्याला हद्दपार करून चोराला घरात घेण्याचाच हा प्रकार होता. त्याच व्याख्यानात एका मुलाची हकीकत आहे. त्याला रोज लिटरभराहून अधिक डच शिंपले, म्हणजे आपल्या कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्या जातीचे, खावयास दिले, आणि ते पोर पाहता पाहता बाळसे धरू लागले. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणे परतले. दुसऱ्या वर्षी त्या मुलाला शिंपल्यांकडे पुन्हा वळविणे कोणालाही साधले नाही. शिंपल्यांत काही गुण आहे की शिंपल्यांनी पोट भरल्यामुळे ताटातून जे हटले त्यात दोष आहे, हा प्रश्न त्या वेळी कोणाला सुचला नाही.

याच काळात दुसऱ्या एका वाटेने शोध चालला होता, आणि ती वाट त्वचेवरून जात होती. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच गवताच्या फुलोऱ्याच्या दिवसांत शिंका व दमा यांचा त्रास होई. आपल्याच कातडीवर ओरखडे काढून त्यांनी तेथे परागकण लावले, उठलेली गांधी तपासली, आणि १८७३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ऑस्कर श्लॉस यांनी अंडे, बदाम व ओट या तिन्ही पदार्थांनी हैराण होणाऱ्या एका मुलाची त्वचापरीक्षा केली, आणि नेमक्या त्याच पदार्थांच्या जागी गांधी उठल्या. साहजिकच मोठी आशा निर्माण झाली. मुलाच्या दंडावर पदार्थांचे थेंब ओळीने लावावेत आणि अपराधी कोण ते कातडीनेच सांगावे, इतके काम सोपे होणार असे वाटू लागले.

कातडी काय सांगते याचा उलगडा मात्र सावकाश झाला. १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर यांच्या रक्ताचा द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. क्यूस्टनर यांना मासे सोसत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच प्राउस्निट्झ यांच्या अंगावर गांध उठली. दोष रक्तातील कोणत्या तरी घटकातून वाहतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. तो घटक म्हणजे ‘आयजीई’ हे प्रतिपिंड. त्याचा पत्ता अमेरिकेत इशिझाका दांपत्याला व स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांना १९६० नंतरच्या दशकात लागला. हे प्रतिपिंड म्हणजे शरीराने परजून ठेवलेले शस्त्र होय; पण शस्त्र घरात आहे म्हणून ते जेवणाच्या पानावर उपसले जाईलच असे नाही. परीक्षेत गांध उठते, आणि तोच पदार्थ मूल रोज निर्वेधपणे खात असते, अशी उदाहरणे कमी नाहीत. म्हणूनच १९७६ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मे यांनी, मुलाला किंवा तपासणाऱ्याला न कळू देता, संशयित पदार्थ व निरुपद्रवी पदार्थ आळीपाळीने खाऊ घालून पाहण्याची पद्धत या क्षेत्रात आणली.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा आहे. कातडी गप्प राहते, आयजीईची मोजणी निर्दोष येते, आणि तरीही रोजचे अन्नच पोटाची नासाडी करीत असते. सीलिॲक हा नेमका तसा विकार. त्यात शस्त्र निराळे, आणि रणभूमी त्वचा नसून लहान आतडे असते.

गी यांच्यानंतर संशयाची सुई पिष्टमय पदार्थांवरच खिळून राहिली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला. पाव, बटाटे, भात सारे बंद. केळी मात्र भरपूर. मुले खरोखरच सुधारली आणि केळ्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. येथेही यश केळ्यांच्या पदरात पडले. ते मिळवून दिले होते पावाच्या अनुपस्थितीने. मुले ‘बरी झाली’ असे समजून पुढे त्यांना पुन्हा गहू देण्यात येई, हा त्या गैरसमजाचा सर्वांत क्लेशकारक भाग होय.

खरा शोध हॉलंडमध्ये लागला. विलेम कारेल डिके हे १९३६ मध्ये हेग येथील युलियाना बाल रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख झाले. पाव बंद केला की आपल्या मुलाला उतार पडतो, असे एका आईने त्यांना सांगितल्याची नोंद आहे. थोर म्हणविणाऱ्या डॉक्टरांनी असले बोलणे हसून सोडून दिले असते; डिके यांनी ते मनावर घेतले आणि १९४१ मध्ये गहूविरहित आहाराविषयीचा पहिला लेख प्रसिद्ध केला. हे साल ध्यानात ठेवले पाहिजे, कारण महायुद्धातील दुष्काळाने त्यांना हे शिकविले अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. दुष्काळ आला तो १९४४-४५ च्या हिवाळ्यात. जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, वीस हजारांहून अधिक माणसे दगावली. अशा त्या हिवाळ्यात सीलिॲकची मुले मात्र ठीक राहिली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच आजारी पडली. देशभर भुकेचा आकांत चालला असता या थोड्या मुलांना त्यापासून आराम मिळावा, हा योगायोग विलक्षण खरा. पण त्याने डिके यांच्या मनातील जुन्या संशयाला बळकटी दिली, इतकेच.

संशय आणि पुरावा यांतील अंतर डिके यांनी मोजमापाने तोडले. यूट्रेख्टचे रसायनतज्ज्ञ फान द कामर यांनी मलातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत बसविली होती. डिके, वाइयर्स व फान द कामर यांनी मुलांच्या आहारातून गहू काढला, पुन्हा घातला, आणि प्रत्येक वेळी किती स्निग्धांश न पचता बाहेर पडतो ते मोजले. ज्या अन्नाचा संशय आहे तेच आजारी बालकाला मुद्दाम भरविणे आज मनाला खुपते; पण त्यावाचून हजारो मुलांची शिक्षा संपली नसती. तांदूळ व मका निर्दोष ठरले, गहू व राय दोषी. डिके यांचा प्रबंध १९५० मध्ये यूट्रेख्टला सादर झाला. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली धुतला असता पिठूळ पाणी निघून जाते व हाती रबरासारखा चिवट भाग उरतो, तो ग्लूटेन. विष त्या चिवट भागात आहे, पिठूळ पाण्यात नाही, हे यूट्रेख्टच्या या मंडळीने दाखविले, आणि बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीही १९५२ मध्ये तेच सिद्ध केले. गी यांनी हद्दपार केलेला तांदूळ अशा रीतीने पासष्ट वर्षांनी सन्मानाने परत आला.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म अंकुर या रोगात झिजून सपाट होतात, हे १९५४ मध्ये जॉन पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या तुकड्यांवरून दाखविले. दोन-तीन वर्षांतच मार्गोट शायनर व विल्यम क्रॉस्बी यांनी पोट न फाडता तोंडावाटे नळी सोडून तो तुकडा काढण्याची सोय केली. १९९७ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे शरीरातीलच एका विकरावर चालून जातात हे शोधले, आणि साध्या रक्तपरीक्षेचा मार्ग खुला झाला. मात्र या परीक्षेला एक अट आहे, आणि ती बहुतेक घरांत ठाऊक नसते. मुलाने आधीच गहू सोडला असेल, तर काही काळाने रक्तातील प्रतिपिंडे ओसरतात, अंकुर पुन्हा उगवतात, आणि परीक्षा निर्दोष ठरते. म्हणून ती पोळी खात असतानाच करावी लागते.

हा रोग गोऱ्यांचा, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. उत्तर भारतातील मुलांत तो आढळल्याचे वृत्त १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. अलीकडच्या पाहण्यांत उत्तरेकडे शंभरात सुमारे एक, तर भातखाऊ दक्षिणेत हजारात सुमारे एक, असे प्रमाण दिसले. ग्वाल्हेर, इंदूर, दिल्ली येथे पिढ्यान् पिढ्या राहून पोळीला सरावलेल्या मराठी घरांना ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांची भाकरी या दुखण्यात पुन्हा जवळ करता येते, कारण या धान्यांत ग्लूटेन नाही. पण रवा, मैदा व शेवया गव्हाच्याच, आणि दुकानातील डबीतल्या बांधणीच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तेव्हा भाकरीबरोबर वाढलेल्या वरणाच्या फोडणीकडेही त्या घरातील माउलीला पाहावे लागते.