पेन्शनरांचे पुणे आणि त्यांच्या मागे राहिलेल्या

आपल्या संघाच्या वार्षिक मेळाव्यात अलीकडे एक प्रश्न हटकून कानी पडतो. स्थळांची चौकशी झाली, मुलांचे निकाल विचारून झाले, म्हणजे नोकरीची दोन-चार वर्षे उरलेले बंधू बाजूस घेऊन विचारतात : निवृत्तीनंतर राहावे कोठे? मुंबईची खोली ठेवावी की विकावी? पुणे परवडेल काय? गावचे घर दुरुस्त करून तिकडेच जावे काय? लढाया व तह यांचा इतिहास आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविला. परंतु वृद्ध माणसांनी कोठे आणि कशाच्या आधारावर दिवस काढले याचा धडा क्रमिक पुस्तकात कधी नव्हता. तो थोडासा येथे मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

निवृत्ती ही वस्तुतः नवी गोष्ट आहे. शेतकरी, कारागीर व दुकानदार यांना ती पूर्वी नव्हती आणि आजही फारशी नाही. हात चालत तोवर काम, आणि ते थांबले की मुलाच्या घरी ओसरीवरची जागा. शास्त्रांनी वानप्रस्थ सांगितला खरा, पण प्रत्यक्ष वनात गेलेले गृहस्थ फारसे आढळत नाहीत. आढळतात ते काशीस, नाशकास, वाईस किंवा पंढरपुरास जाऊन राहिलेले. तीर्थक्षेत्री नदी असे, अन्नछत्र असे, कीर्तन-पुराण असे. आणि एकट्या विधवेला 'तू येथे का राहिलीस' असे कोणी विचारीत नसे. पुण्यसंचयाचा हेतू होताच. पण थोड्या पैशांत दिवस निघतात, हेही कारण लहान नव्हते असे आमचे मत आहे.

इंग्रजी अमदानीत सरकारी नोकरी आली व तिच्याबरोबर पेन्शन आले. मामलेदार, शिरस्तेदार, मुनसफ, शाळाखात्यातील डेप्युटी अशी मंडळी साधारणपणे पंचावन्नाव्या वर्षी मोकळी होत, आणि सरासरी पगाराच्या निम्म्यापर्यंतची रक्कम त्यांना दरमहा घरबसल्या मिळे. ही मंडळी आयुष्यभर बदल्यांवर फिरलेली असत. मुंबई इलाखा तेव्हा सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला होता. कोकणातील किंवा देशावरील वडिलोपार्जित घर एव्हाना भाऊबंदांच्या ताब्यात गेलेले असे. म्हणजे 'आता कोठे राहावे' हा प्रश्न आपल्या समाजात प्रथम या पिढीपुढे उभा राहिला, आणि तिच्यातील पुष्कळांनी त्याचे उत्तर एकच दिले : पुणे.

हे उत्तर विचारपूर्वक दिलेले होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फुटांवर. मुंबईच्या मानाने पाऊस पुष्कळ कमी आणि हवा कोरडी, त्यामुळे संधिवात व दमा असणाऱ्यांस मानवणारी. मुंबई-पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली. ससून रुग्णालय १८६७ साली उघडले. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले. त्यापूर्वी शहराची मदार विहिरींवर आणि नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळाच्या हौदांवर होती. शिवाय शाळांचा प्रश्न होता. त्या काळी पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या गृहस्थाची धाकटी मुले बहुधा शिकतच असत. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाले, हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ साली, फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली. म्हाताऱ्याचे पुणे हे असे पुष्कळ अंशी त्याच्या मुलाबाळांसाठी निवडलेले पुणे होते.

आणि सोबत. आमच्या मते घरभाडे व भाजीचा भाव यांच्या इतकाच हाही हिशेबाचा विषय आहे. १८४८ साली स्थापन झालेले नगर वाचन मंदिर, १८७० ची सार्वजनिक सभा, १८७५ पासूनची वसंत व्याख्यानमाला, सकाळी पर्वतीच्या पायऱ्या, संध्याकाळी ओंकारेश्वराचा घाट. पेन्शनरांचे गाव म्हणून पुण्याची थट्टा होत आली आहे; परंतु रिकामपण मिळालेल्या विद्वान माणसाने येथे काय केले हेही पाहावे. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख १८७९ साली नोकरीतून निवृत्त झाले व अखेरपर्यंत लिहीत राहिले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ साली डेक्कन कॉलेजातून निवृत्त होऊन मुळा-मुठेच्या संगमाजवळ राहिले, व पुढे बत्तीस वर्षे जगले. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या नावाची संशोधनसंस्था उभी राहिली आणि त्यांचा ग्रंथसंग्रह तिला मिळाला.

१८९७ च्या प्लेगने गावातील दाट वस्तीची धास्ती घेतली गेली. पेठांबाहेर, लकडी पुलापलीकडे मोकळ्या हवेत राहावे अशी इच्छा वाढली, आणि १९२० नंतरच्या दशकांत डेक्कन जिमखाना व एरंडवणे या बाजूस पेन्शनरांचे टुमदार बंगले उठले. दारात तगर किंवा पारिजातक, फाटकावर 'श्रमसाफल्य' किंवा 'विश्रांती' अशी पाटी. ज्यांची ऐपत बेताची त्यांनी पेठेतच लहानसा वाडा घेतला वा बांधला. माडीवर आपण राहावे व खालच्या चार-सहा खोल्या भाड्याने द्याव्यात, ही त्यांची योजना. बंगला हा हौसेचा आणि वाडा हा हिशेबाचा. या वाड्याच्या हिशेबाकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, कारण त्यात पेन्शनरापेक्षा त्याच्या पत्नीचा संबंध अधिक होता.

पेन्शन हयातीपुरते असे. गृहस्थाने डोळे मिटले की पुढल्या महिन्यापासून ते बंद. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी सर्वसाधारण कुटुंबनिवृत्तिवेतनाची योजना लागू झाली ती १ जानेवारी १९६४ पासून, हे आज पुष्कळांस ठाऊक नसते. नवऱ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असलेली पत्नी मागे राही, आणि तिच्या वाट्याला दोन आधार असत : मुलगे व वाडा. दूरदर्शी माणसे विमा उतरवीत. ओरिएंटल ही विमा कंपनी १८७४ साली मुंबईत निघाली होती, आणि टपालखात्याने १८८४ साली आपल्या नोकरांसाठी विमा काढला. तथापि विम्याच्या पैशाला पाय फुटतात आणि वाड्याला ते फुटत नाहीत, अशी जुन्या माणसांची समजूत होती. माडीखालचे भाडेकरू हेच विधवेचे पेन्शन, असे त्यांनी मनाशी धरलेले होते.

त्यातही कायद्याची अडचण होती. १९३७ पूर्वी मुलगे असलेल्या विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टार्जित घरातही वाटा नव्हता. अन्नवस्त्राचा व राहण्याचा काय तो हक्क. १९३७ च्या कायद्याने तिला मुलाइतका वाटा मिळाला, पण तोही हयातीपुरता. पूर्ण मालकी मिळण्यास १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला. ज्या शहाण्या पेन्शनरांनी वाडा पत्नीच्या नावेच खरेदी केला, त्यांना शेजारी बायकोच्या ताटाखालचे मांजर म्हणून हसत असतील. परंतु त्यांच्याएवढे निवृत्तीचे अचूक गणित दुसऱ्या कोणी मांडले नाही.

आणि तरीही हे गणित पुढे फसले. महायुद्धाच्या काळात महागाई भडकली, शहरांत जागेची टंचाई झाली, आणि भाडेकरूंची पिळवणूक थांबविण्यासाठी १९४७ साली मुंबई राज्याचा भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल तेच प्रमाण धरले गेले. करवाढीसारख्या काही वाढी सोडता ते गोठले. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. आमच्या परिचयाच्या एक आजीबाई सदाशिव पेठेतील अशा एका वाड्याच्या मालकीण होत्या. सहा भाडेकरू, दर खोलीचे भाडे सहा रुपये. यजमान गेले तेव्हा त्या छत्तीस रुपयांत बाईंचे महिन्याचे वाणसामान व दूध भागत असे. आम्ही त्यांना पाहिले तेव्हा तीच छत्तीस रुपयांची रक्कम होती आणि कौले परतण्यास त्याहून अधिक लागत. पावसाळ्यात माडीवर चार ठिकाणी पातेली मांडून त्या बसत. मालकीण त्याच, आणि वाड्यात सर्वांत गरीबही त्याच.

न्यायाची बाजू सांगावयाची तर त्या सहा खोल्यांतून राहणारे काही धनाढ्य नव्हते. एका खोलीत एक निवृत्त कारकून पत्नीसह राहत, आणि ते सहा रुपये भाडे होते म्हणूनच त्यांचे म्हातारपण निभावले. एका निवृत्ताच्या घरातून काढून दुसऱ्याच्या घरात घालावे, तसे या कायद्याने केले. दोघांपैकी कोणाला दोष द्यावा हे आम्हांला अद्याप ठरविता आलेले नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला व वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. सहा रुपयांवर चार टक्के म्हणजे चोवीस पैसे. हे उदाहरण आम्ही चौथीच्या वर्गाला घातले असते.

त्या आधीच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही गेले, आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे एका दिवसात मातीस मिळाले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरासारख्या वसाहती वसल्या. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडकडे कारखाने उभे राहत होते. नोकरीसाठी तरुण माणसे पुण्यास येऊ लागली, जमिनीचे भाव चढले, आणि स्वस्ताईचे, संथ चालीचे ते जुने गाव हळूहळू नाहीसे झाले. वाड्याची जागा सदनिकेने घेतली. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, सदनिकांच्या मालकीविषयीचा १९६३ चा. या बाबतीत ज्ञातिसंस्थांचा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट नमूद करावयास हवी : मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत ज्ञातिबांधवांनी रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सहकारी गृहसंस्था स्थापिली. आपल्या देशातील अशा संस्थांत ती पहिल्यांपैकी. घर बांधण्यास एकट्याचे पैसे पुरत नसतील तर ज्ञातीने एकत्र यावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखविला. आपल्या संघाने विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा विचार अनेकदा केला आहे. वृद्ध दांपत्यांसाठी पाच-दहा खोल्यांचा विचार एकदाही झालेला आम्हांला स्मरत नाही.

आता आजचे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन आपोआप नाही. त्यांच्या भावी उत्पन्नाचा बराच भाग साठलेल्या रकमेवर अवलंबून राहावयाचा. खाजगी नोकरीतील बंधूंची स्थिती पूर्वीपासूनच तशी आहे. म्हणून गाव निवडताना त्यांनी जुन्या पेन्शनरांची कसोटी लावावी : पाणी, दवाखाना, सोबत, आणि मग जागेचा भाव. कोकणातील घर स्वस्त पडते व १९९८ पासून रेल्वेही आहे, परंतु रात्री छातीत दुखू लागले तर डॉक्टर किती मैलांवर, हे आधी मोजावे. वाई, सातारा, सांगली, मिरज ही गावे आम्हांला या दृष्टीने पुण्यापेक्षा उजवी वाटतात. मिरजेला तर डॉक्टरांची उणीव कधीच नव्हती. पुण्यातच राहावयाचे असेल तर उद्वाहन नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरील मोठ्या जागेपेक्षा तळमजल्यावरील लहान जागा घ्यावी.

जागा घेताना करारावर पत्नीचे नाव आधी घालावे. संस्थेच्या नोंदवहीतील नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. त्यासाठी मृत्युपत्र लागते, व ते नोंदवून ठेवणे बरे. मुलाच्या नावे जागा करून देण्याची घाई करू नये, आणि केलीच तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहावी. ती असेल तर २००७ च्या कायद्यान्वये पुढे दाद मागता येते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी आपल्या आदेशावर पत्नीचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे ना, हे आजच पाहावे. आधारपत्रावर एक नाव व आदेशावर माहेरचे दुसरे, अशी दोन प्रकरणे गेल्या वर्षात आमच्याकडे आली. दोन्ही बायकांचे यजमान हयात नव्हते, आणि कचेरीच्या पायऱ्या त्यांनाच चढाव्या लागल्या. ज्यांना हे कागद तपासून घ्यावयाचे असतील त्यांनी संघाच्या कार्यालयात रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात यावे. आम्ही तेथे असतो. येताना पत्नीसही बरोबर आणावे.