वाढलेले ताट आणि पोटात गेलेला घास

अमेरिकेतील ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडचे लहान खासगी रुग्णालय नव्हे. ज्यांना स्वतःच्या हाताने घास घेणेही पुष्कळदा कठीण जाते, अशा वृद्धांचे ते दीर्घकालीन निवासस्थान होय. १९६५ साली मेडिकेअर व मेडिकेड या योजना अस्तित्वात आल्या आणि या गृहांकडे शासकीय द्रव्याचा ओघ सुरू झाला. तथापि ताट वाढले म्हणजे अन्न पोटात गेले, ही समजूत कायम राहिली.

वस्तुतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहिले होते, की अन्नाची विपुलता असूनही, ते कसे व केव्हा द्यावे याकडे लक्ष न दिल्याने सहस्रावधी रुग्ण उपाशी राहतात. १९७४ साली डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी रुग्णालयांत रुग्णाची उंची व वजन यांची नोंदही होत नसल्याचे दाखवून दिले. आम्हा वस्त्रव्यापाऱ्यांना यात नवल वाटू नये. गाठ पेढीवरून निघाली म्हणून ती गिऱ्हाइकाला पोहोचली, असे आम्ही खात्यात कधी लिहीत नाही.

१९८७ च्या सुधारणा कायद्याने हा हिशेब बदलला. प्रत्येक निवाशाची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरली व त्यात पोषणाचा विचार आला. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे हा धोक्याचा इशारा मानला जाऊ लागला. म्हणजे पन्नास किलोच्या आजीबाईंचे महिन्यात अडीच किलो वजन घटले, तर कारण शोधणे आले. कारणेही साधीच असतात : दात नाहीत, गिळताना ठसका लागतो, औषधांनी भूक मंदावते, भरवणाऱ्याला घाई असते. २००३ मध्ये किमान ८ तासांचे प्रशिक्षण घेतलेले भरवणारे साहाय्यक नेमण्यास अनुमती मिळाली. पुढे २००५ मध्ये अमेरिकन आहारतज्ज्ञांच्या संघटनेने वृद्धांवरील पथ्ये शिथिल करण्याचा पुरस्कार केला. अळणी जेवण ताटातच राहत असेल, तर त्या पथ्याचा लाभ कोणाला?

तेथील नियमांत एक तरतूद आपल्या विशेष परिचयाची वाटेल. सायंकाळचे भोजन व सकाळची न्याहारी यांत १४ तासांहून अधिक अंतर नसावे. झोपताना पौष्टिक अल्पाहार दिल्यास व निवाशांच्या गटाने मान्य केल्यास ते १६ तास चालते. डिसेंबरात मुंबईकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो व सूर्योदय सातनंतर. चौविहारापासून नवकारसीच्या ४८ मिनिटांपर्यंत मोजले, तर जवळजवळ १४ तास भरतात. चौविहार पाळणाऱ्या वृद्धाला झोपतानाचा अल्पाहार चालत नाही. त्याची भर सूर्यास्तापूर्वीच्या ताटातच घालावी लागते आणि ते ताट घाईने उचलून चालत नाही.