पुराव्याचे ओझे कुणाच्या खांद्यावर?

आजारपणामुळे सैन्यातून ‘बोर्ड आऊट’ होऊन घरी आलेल्या जवानांचे कागद चाळताना एक शेरा वारंवार भेटतो : ‘हा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही.’ एवढ्या एका ओळीवर अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले जाते.

भूदलाच्या १९६१च्या निवृत्तिवेतन नियमावलीत या वेतनासाठी दोन अटी होत्या. अपंगत्व किमान वीस टक्के असावे आणि ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे. गोळी लागली किंवा सुरुंगावर पाय पडला, तर दुसऱ्या अटीवरून सहसा वाद होत नाही. घोडे अडते ते फेफरे, रक्तदाब, मनोविकार अशा दुखण्यांपाशी. त्यांचा आणि नोकरीचा संबंध दाखवायचा कुणी?

या प्रश्नाचे उत्तर १९८२च्या पात्रता नियमांत स्पष्ट होते. भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद झालेली नाही, ती तेव्हा नव्हती असे गृहीत धरायचे. पुरावा देण्याची जबाबदारी जवानावर टाकायची नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. नियम असा उदार असूनही व्यवहारात जवानालाच पुरावा मागितला जाई.

सिग्नल्स दलातील एका शिपायाचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. तो जून १९८५मध्ये भरती झाला. फेफऱ्यामुळे वीस टक्के कायमचे अपंगत्व ठरवून १ एप्रिल १९९४पासून त्याला सेवामुक्त करण्यात आले. निवृत्तिवेतनाचा दावा फेटाळला गेला. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने कौल दिला. खंडपीठाने २००९मध्ये तो फिरवला. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला. भरतीच्या कागदांत आजाराची नोंद नव्हती आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताला कारणेच दिली नव्हती, हे निकालाचे मर्म. नोकरी झाली सुमारे नऊ वर्षांची, पण हक्क मिळायला एकोणीस वर्षे लागली.

दरम्यान दाद मागण्याची वाटही बदलली होती. पूर्वी खात्यांतर्गत अपील फेटाळले की उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. २००७च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण निर्माण झाले. ८ ऑगस्ट २००९ रोजी दिल्लीत तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. महाराष्ट्र आणि गोव्यातील माजी सैनिकांसाठी मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. २०१३च्या निकालाचा आधार अशा न्यायाधिकरणांपुढे पुढे वारंवार घेतला गेला.

सप्टेंबर २०२३मध्ये पात्रतेचे नवे नियम आले. त्यामुळे आज कुणाचा दावा तपासताना सेवामुक्तीची तारीख आधी पाहावी लागते. मात्र या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. जवानाची बाजू उभी राहते ती भरतीच्या वैद्यकीय तपासणीच्या पहिल्या कागदावर. ज्या सैन्याने त्याला धडधाकट म्हणून आत घेतले, त्यानेच परत पाठवताना कारण सांगायला हवे. शेरा एका ओळीचा असला, तरी त्यामागचे कारण विचारण्याचा जवानाचा हक्क संपत नाही.